शिसेमुक्त सोल्डर : बदलाची कारणे आणि मर्यादा

संगणक, दूरचित्रवाणी संच, मोबाईल आदी उपकरणांतील सुटे भाग सर्किट बोर्डावर जोडण्यासाठी जो मिश्रधातू वितळवून लावतात, त्यास सोल्डर किंवा डाख म्हणतात. अनेक दशके त्यात साधारणपणे ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असे. हे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळते.

मात्र शिसे विषारी आहे. उपकरणे भंगारात गेल्यावर ते माती व पाण्यात मिसळू शकते. बोर्ड तापवून धातू काढणाऱ्या कामगारांनाही त्याची बाधा होते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा विशेष दुष्परिणाम होतो.

त्यामुळे युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतांश नव्या उपकरणांतील शिशावर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. भारताने हीच मर्यादा २०११ च्या ई-कचरा नियमांत स्वीकारली. २०२२ च्या नियमांतही ती कायम आहे.

पर्यायी सोल्डरमध्ये प्रामुख्याने ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी व ०.५ टक्के तांबे असते. ते सुमारे २१७ अंशांना वितळू लागते. साहजिकच सुट्या भागांना अधिक उष्णता सोसावी लागते. चांदीमुळे खर्चही वाढतो. शिवाय शुद्ध कथलाच्या मुलाम्यावर केसासारखे सूक्ष्म तंतू उगवून शॉर्टसर्किट होऊ शकते. शिशामुळे या वाढीस आळा बसत असे. लष्करी व अंतराळ उपकरणे युरोपीय निर्बंधातून वगळण्यात आली आहेत.

जुन्या उपकरणांतील शिसे मात्र कायम आहे. म्हणूनच ती भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जाणे आवश्यक ठरते.