जोडलेली हार्ड डिस्क दिसत का नाही? : एका तक्रारीचा इतिहास

१/७
बाह्य हार्ड डिस्क जोडली, दिवाही लागला, पण संगणकावर काहीच दिसत नाही. मग सल्ले मिळतात : केबल बदला, पोर्ट बदला, ड्राइव्हला अक्षर द्या. हे सल्ले तोडग्यांसारखे वाटले, तरी प्रत्येकामागे एखादा जुना तांत्रिक निर्णय उभा आहे.

२/७
१९८६ साली प्रमाणित झालेल्या ‘स्कझी’ पद्धतीत साखळीतील प्रत्येक उपकरणाला ० ते ७ यांपैकी वेगळा क्रमांक द्यावा लागे आणि दोन्ही टोकांना टर्मिनेटर बसवावा लागे. दोघांना एकच क्रमांक गेला, की जोडणी बिघडलीच.

३/७
हा जाच संपवण्यासाठी सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये ‘यूएसबी १.०’ जाहीर झाले. इंटेलमधील या कामात अजय भट्ट अग्रभागी होते. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले होते. उपकरण जोडताच संगणकाने ते ओळखावे, ही त्यामागची कल्पना. तरीही एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात, बिल गेट्स यांच्या साक्षीने, स्कॅनर जोडताच विंडोज ९८ कोसळले आणि पडदा निळा झाला.

४/७
यूएसबीच्या आरंभीच्या प्रमाणकात एका पोर्टमधून जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर वीजप्रवाहाची मर्यादा होती. कीबोर्ड-माउसला तो पुरेसा असे. हार्ड डिस्कला मात्र तबकडी फिरू लागताना अधिक प्रवाह लागतो. २००८ च्या ‘यूएसबी ३.०’ने ही मर्यादा ९०० वर नेली. म्हणून पहिला उपाय : हब टाळावा, आखूड केबल घ्यावी आणि डिस्क थेट संगणकाच्या पोर्टला जोडावी.

५/७
विंडोजमधील ड्राइव्हची अक्षरे हा डॉसच्या काळाचा वारसा. ‘ए’ आणि ‘बी’ फ्लॉपीसाठी, म्हणून हार्ड डिस्क ‘सी’पासून. कधी डिस्क ओळखली जाते, पण तिला अक्षरच मिळत नाही. अशी डिस्क ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये दिसते; तिथे अक्षर दिले, की फायली उघडतात.

६/७
सर्वांत घातक क्षण म्हणजे ‘फॉरमॅट करायचे का?’ हा प्रश्न. मायक्रोसॉफ्टची एनटीएफएस मांडणी १९९३ ची, अ‍ॅपलची एचएफएस प्लस १९९८ ची. मॅकवर तयार झालेली अशी डिस्क विंडोजला मुळातच वाचता येत नाही आणि ती फॉरमॅटचा आग्रह धरते. आतला मजकूर शाबूत असू शकतो. उत्तर ‘नाही’ द्यावे आणि डिस्क आधी ज्या संगणकावर चालत होती, तिथे जोडून पाहावी. आतून सतत टकटक ऐकू येत असेल, तर मात्र प्रयोग थांबवून ती जाणकाराकडे न्यावी.

७/७
मोडी वाचता येत नाही म्हणून दप्तरातला रुमाल कोणी रद्दीत घालत नाही. मोडी जाणणारा शोधतो. न उघडणाऱ्या डिस्कलाही तोच न्याय लावावा. उद्याच्या इतिहासाची कितीतरी साधने आज अशाच डिस्कांत आहेत.