कलपाच्या पाकिटावरच्या दोन ओळी

घरात कलपाचं पाकीट असेल तर ते एकदा उलटं करून बघा. मागे बारीक अक्षरांत एक सूचना असते. यातल्या घटकांमुळे काही जणांच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी करा. पापण्या आणि भुवयांना लावू नका, लावल्यास अंधत्व येऊ शकतं. आपण बहुतेक जणी ती न वाचताच पाकीट फोडतो. या दोन ओळी कुठून आल्या, ते आज ऐकू या. काही बायकांची दृष्टी गेली, तेव्हा त्या छापल्या गेल्या.

सुरुवात मेंदीपासून करू. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते कातडीत आणि केसांत मुरतं आणि केशरी, तांबूस, तपकिरी रंग देतं. प्राचीन इजिप्तमध्येही मेंदीने केस रंगवत असत. पण नुसती मेंदी काळा रंग कधीच देत नाही. चहाचं पाणी घाला, लिंबू-साखर लावा, रात्रभर ठेवा. रंग गडद होईल, काळाकुट्ट होणार नाही.

बाजारातला झटपट काळा रंग आला तो दगडी कोळशाच्या डांबरातून. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापावरचं क्विनाईन तयार करण्याच्या खटपटीत होता. क्विनाईन जमलं नाही, पण सुंदर जांभळा रंग हाती लागला. मग डांबरातून रंग काढण्याची चढाओढच सुरू झाली. १८६३ साली पर्किनचे गुरू हॉफमन यांनी पॅरा-फेनिलीनडायअमीन या पदार्थाचं वर्णन केलं. नाव अवघड आहे, म्हणून त्याला पीपीडी म्हणू. १८८३ साली फ्रान्समध्ये रंगकामासाठी त्याचं पेटंट घेतलं गेलं. १९०९ साली पॅरिसमध्ये यूजीन श्यूलर यांनी कलपाची कंपनी काढली, तिच्या नावातच 'निरुपद्रवी' हा शब्द घातला होता. म्हणजे कलप बाधतो, ही धास्ती तेव्हाच लोकांच्या मनात होती. तीच कंपनी पुढे लोरिआल झाली.

पीपीडी बाधतं कसं? त्याचे कण अगदी बारीक असतात. ते केसाच्या आत शिरतात आणि दुसऱ्या बाटलीतल्या पेरॉक्साइडशी संयोग होऊन तिथेच काळे, मोठे होतात. म्हणून रंग धुऊन जात नाही. पण रंग पुरता तयार होण्याआधी ते कातडीतही शिरतात. काहींच्या शरीराला ते शत्रू वाटतात आणि शरीर ती ओळख मनात धरून ठेवतं. पहिल्या वेळी बहुधा काही होत नाही. पुढच्या एखाद्या वेळी मात्र दोन-तीन दिवसांत खाज, सूज, पाण्याने भरलेले फोड येतात. एकदा हे वावडं जडलं की सहसा जन्मभर राहतं.

आता १९३३ सालच्या अमेरिकेत जाऊ. 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्या रंगवायचा कलप तिथल्या पार्लरमध्ये मिळत होता. त्यात पीपीडीच्याच जातीचा रंग होता. ओहायो राज्यातल्या डेटन शहरातल्या एका बाईंनी पार्लरमध्ये तो लावून घेतला. डोळे चुरचुरू लागले, सुजले आणि शेवटी दृष्टी गेली. असं इतर बायकांच्याही बाबतीत घडलं, एकीचा तर जीव गेला. आणि सरकार काही करू शकलं नाही! १९०६ च्या तिथल्या कायद्यात अन्न आणि औषधं होती, सौंदर्यप्रसाधनं नव्हती. मग सरकारी अधिकाऱ्यांनी त्या बाईंचे आधीचे आणि नंतरचे फोटो प्रदर्शनात लावले. १९३८ साली नवा कायदा झाला आणि त्याखाली जप्त झालेला पहिला माल होता लॅश ल्यूर.

पण त्या कायद्यात एक पळवाटही राहिली. डांबरापासून केलेल्या केसांच्या कलपावर ती सूचना आणि चाचणीची कृती छापली, की त्याच्यावर बंदी येत नव्हती. म्हणजे जपायची जबाबदारी आली वापरणाऱ्या बाईवर. आपल्याकडे १९६२ सालच्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधनं औषधांच्या कायद्यात आली. कलपाच्या नियमात जवळजवळ त्याच अमेरिकन शब्दांतली सूचना आहे आणि ती स्थानिक भाषेतही छापली पाहिजे, असं नियम सांगतो.

मग 'काळी मेंदी' म्हणजे काय? बहुतेक वेळा तोच पीपीडी, कोनात भरलेला. सुदानमध्ये मेंदी लवकर आणि काळी रंगावी म्हणून बायका त्यात तो मिसळत. खार्टूमच्या डॉक्टरांनी त्यामुळे गंभीर आजारी झालेल्या रुग्णांच्या नोंदी विसाव्या शतकाच्या अखेरीस छापल्या, त्यांत लहान मुलंही होती. याच काळात पर्यटनाच्या ठिकाणी काळे तात्पुरते टॅटू काढून घ्यायची हौस जगभर पसरली. कलप निदान केसांना लावून धुवायचा असतो. हा रंग थेट कातडीवर बसतो आणि त्याचं प्रमाण कोणी मोजत नाही. शिवाय कोनावर ती सूचनाही नसते. लहानपणी जत्रेत हातावर काढलेल्या काळ्या नक्षीने वावडं जडतं आणि वीस वर्षांनी पहिल्यांदा कलप लावल्यावर डोळे-चेहरा सुजतो, असं घडतं.

ओळखायचं कसं? खरी मेंदी काही तास ठेवावी लागते, आधी केशरी दिसते आणि एक-दोन दिवसांत गडद होते. अर्ध्या तासात काळी होणारी ती मेंदी नव्हे. तीच गोष्ट केस काळे करणाऱ्या मेंदीच्या पुडीची. घटकांत पीपीडीचं नाव आहे का, ते वाचा.

कलप लावायचाच असेल तर तयार केलेला थोडा कलप कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावा. चोवीस तास थांबून धुवा. खाज, लाली आली तर तो वापरू नका. ही चाचणी दर वेळी करायची, कारण वावडं मध्येच कधीही जडू शकतं. काळ्या मेंदीने पूर्वी फोड आले असतील तर त्वचेच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कलप नको. आणि चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

लग्नसराईत मेंदीवाली आली की पोरींचे हात पुढे करण्याआधी तिला विचारा, कोनात काय आहे? सांगता आलं नाही, तर त्या दिवशी हात तसेच राहू द्या.