खुनाला मुदत घालणारा कायदा

भारतात खुनाच्या खटल्याला मुदत नाही. 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने मुदत घातली ती तीन वर्षांपर्यंत कैद असलेल्या गुन्ह्यांनाच. त्यामुळे खून करून वीस वर्षे लपून राहिलेला माणूस कायद्याने मोकळा होतो, ही कल्पनाच आपल्याला चमत्कारिक वाटते. जर्मनीत मात्र 1871च्या दंडसंहितेपासून हाच नियम होता. काळ लोटला की पुरावा विरतो, शिक्षेचा हेतू उरत नाही आणि तपासयंत्रणेलाही कुठेतरी थांबावे लागते, हे त्यामागचे तर्कशास्त्र. सुट्या गुन्ह्यांपुरते ते चालून गेले. पण राज्ययंत्रणेनेच लाखोंची कत्तल केली, तेव्हा ते अपुरे पडले. पश्चिम जर्मनीच्या संसदेत या मुदतीवर 1960, 1965, 1969 आणि 1979 असा चार वेळा वाद झाला. मुदत वरवर हिशेबाची बाब दिसत असली तरी ती राजकीय आणि नैतिक निवड असते, आणि ती उघड्यावर झाली नाही तर न्याय गुपचूप बुडतो, हेच या इतिहासातून दिसते.

नाझी काळातील सदोष मनुष्यवधाचे गुन्हे 15 वर्षांच्या हिशेबाने मे 1960मध्ये मुदतबाह्य झाले. विरोधी समाजवादी पक्षाचा ते रोखण्याचा प्रयत्न फसला. खुनाची 20 वर्षांची मुदत 8 मे 1965ला संपणार होती. तोवर चित्र पालटले होते. नाझी गुन्ह्यांच्या तपासासाठी 1958मध्ये लुडविग्सबुर्गला मध्यवर्ती कार्यालय सुरू झाले होते, आणि फ्रँकफुर्टमध्ये ऑशविट्झ खटला चालू होता. नवे पुरावे सापडत असतानाच दार बंद होणार होते. मार्च 1965च्या चर्चेत खासदार एर्न्स्ट बेंडा यांनी मुदतवाढीची बाजू लावून धरली. कायदामंत्री एवाल्ड बुखर यांनी विरोध केला आणि निर्णय आपल्या मताविरुद्ध गेल्यावर राजीनामा दिला. तोडगा निघाला तो मोजणीत: 1949 अखेरपर्यंत जर्मन न्यायव्यवस्था स्वतंत्र नव्हती, म्हणून मुदत 1950पासून मोजावी. 1969मध्ये खुनाची मुदत 30 वर्षे झाली आणि वंशसंहाराची मुदत रद्द झाली. 3 जुलै 1979ला 255 विरुद्ध 222 मतांनी खुनाचीही मुदत कायमची गेली.

बुखर आणि माजी कायदामंत्री थॉमस डेलर यांचा आक्षेप हलका नव्हता. गुन्हा घडल्यानंतर नियम बदलायचा, तर मग कायद्याच्या राज्याचे काय, असे ते विचारत. नाझींनी नेमके हेच केले होते. पण कोणते कृत्य गुन्हा ठरते आणि त्यावर खटला किती काळ चालवता येतो, हे प्रश्न वेगळे आहेत. खून 1942मध्येही खूनच होता. मारेकऱ्याला मुदतीच्या भरवशावर कृत्य करण्याचा हक्क कुणी दिलेला नव्हता. घटना न्यायालयाने 1969मध्ये 1965चा कायदा वैध ठरवला. जुन्या साक्षीदारांच्या आठवणी डळमळीत असतात, हा दुसरा आक्षेपही खरा आहे. पण त्यावर उपाय म्हणजे संशयाचा फायदा देऊन निर्दोष सोडणे. त्यासाठी खटलाच नाकारण्याचे कारण नाही.

खरी हानी झाली ती या गाजलेल्या वादांबाहेर. किरकोळ नियमभंगांच्या कायद्याला जोडून 1968मध्ये एक तांत्रिक दुरुस्ती संमत झाली. खुनामागचा हीन हेतू स्वतःपाशी नसलेल्या साथीदाराची शिक्षा तिने कमी केली. शिक्षा कमी झाली म्हणून मुदतही 15 वर्षांवर आली, आणि अशा साथीदारांचे गुन्हे 1960मध्येच मुदतबाह्य झाल्याचे ठरले. संघराज्याच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने मे 1969मध्ये हा अर्थ मान्य केला. बर्लिनमध्ये नाझी सुरक्षा मुख्यालयाच्या अधिकाऱ्यांवर तयार होत असलेले मोठे खटले कोसळले. टेबलामागे बसून हुकूम पुढे सरकवणारे अनेकजण त्यातून सुटले. ही चूक होती की कारस्थान, यावर इतिहासकारांत वाद आहे, परिणामाबद्दल नाही. या कलमावर संसदेत वादळ उठले नाही, कारण त्याचा परिणाम सदस्यांच्या ध्यानातच आला नव्हता.

मुदत असावीच, असे म्हणणाऱ्यांना चोरी-मारामारीपुरते मान्य करता येईल. पण जिथे गुन्हेगाराच्या हाती सत्ता असते, तिथे काळ आपोआप त्याच्याच बाजूने धावतो. तिथे मुदतीचा प्रत्येक आकडा लोकप्रतिनिधींनी मोठ्याने वाचून, त्याचे परिणाम सांगूनच मतदानाला टाकावा.