ओला बूट, कोरडा पाय: नळदुर्गपासून फ्रान्सच्या खंदकापर्यंत

लढाया आणि राजे आपण नेहमीच ऐकतो. आजचा भाग मात्र पायांचा आहे, आणि सुरुवात आपल्या नळदुर्गातून करू.

ऐन पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यावर गेलात, तर बूट भिजणारच. बोरी नदीवर, किल्ला आणि रणमंडळ यांच्या मध्ये, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेला दगडी बंधारा आहे. या इब्राहिमची कारकीर्द 1580 ते 1627. बंधाऱ्याच्या भिंतीतच पाणीमहाल आहे. नदी भरली की पाणी ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन वाटांनी खाली कोसळतं आणि महालातला माणूस तो धबधबा बघत बसतो. बांधणाऱ्यांनी पाणी नुसतं अडवलं नाही, त्याला बाहेर जायला वाटही ठेवली. हे लक्षात ठेवा, कारण बुटाचीही गोष्ट हीच आहे.

आपल्याकडे जुनं पायताण उघडं असायचं. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातही ज्या बनतात, त्या कोल्हापुरी चपलाच घ्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, वरून सगळं मोकळं. भिजली तर ती खराब होते, पण पाय कोंडून ठेवत नाही. काळ्या रानात चिखल चिकटायला लागला की शेतकरी वहाणा हातात घेऊन अनवाणी निघायचा. चिखल्या तेव्हाही व्हायच्या, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडायच्या, आग व्हायची. पण घरी येऊन पाय धुतले, पुसले की त्यांना रात्रभर हवा मिळायची.

पाय दिवसरात्र कोंडणारा बूट आपल्या बऱ्याच घरांत आला तो पलटणीतून. आणि ओला बूट किती महाग पडतो हे कळलं पहिल्या महायुद्धात.

1914 च्या शरद ऋतूत हिंदी फौज फ्रान्सला पोचली. त्यात पुण्याजवळच्या खडकीचे सॅपर्स होते, आणि त्यांच्यात मराठी जवानही. 28 ऑक्टोबर 1914 ला त्यांच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या शीख पलटणीबरोबर न्यूव्ह शापेल गावात शिरल्या आणि त्यांची भयंकर हानी झाली. त्यानंतर आला हिवाळा. बऱ्याच जवानांच्या अंगावर अजून उन्हाळी खाकी कपडे होते. खंदकात गुडघाभर चिखलपाणी, आणि त्यात तासन् तास उभं राहायचं.

याच खंदकांत ‘ट्रेंच फूट’ हे नाव रुजलं. गंमत म्हणजे त्यासाठी बर्फ लागत नाही. थंडी, ओल आणि घट्ट बूट एवढं पुरतं. पायातलं रक्त फिरणं मंदावतं, पाय बधिर होतो, पांढरा-निळा पडतो, मग सुजतो, आणि फार उशीर झाला तर कापावा लागतो. पहिल्याच हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यातले सुमारे 20 हजार जण याने आजारी पडले. शत्रूची गोळी न लागता!

उपाय साधेच निघाले. रोज बूट काढायचे, पाय पुसायचे, व्हेल माशाचं तेल चोळायचं, कोरडे मोजे घालायचे. जोडीदाराने एकमेकांचे पाय तपासायचे. खंदकात लाकडी फळ्या टाकायच्या. पलटणीत पाय सडले तर जाब अधिकाऱ्याला द्यावा लागायचा.

आणि शेकोटी? तिचा धोका शंभर वर्षं आधीच कळला होता. नेपोलियनचा सर्जन लॅरे याने 1807 च्या आयलाऊच्या लढाईत पाहिलं होतं, की गारठलेले पाय घेऊन जे थेट आगीजवळ गेले, त्यांचे पाय जास्त बिघडले. बधिर पायाला चटका कळतच नाही.

बुटाचंही तसंच. ओलं कातडं उष्णता सोसत नाही, आकसतं आणि तडकतं. सोलचा डिंक सुटतो आणि बूट ‘आ’ वासतो. म्हणून गॅसजवळ, हीटरसमोर किंवा गाडीच्या गरम सायलेन्सरवर बूट ठेवू नका. आत पेटता बल्ब तर अजिबात सोडू नका, ओल आणि वीज एकत्र नको.

आधी चिखल काढा. लेस सैल करा, जीभ बाहेर ओढा, आतली गादी काढून वेगळी वाळवा. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि ते ओले झाले की बदला. मग बूट आडवा करून पंख्याखाली ठेवा. वेळ लागतो, पण ओल आतून बाहेर येते.

चाकणला कंपनीत सेफ्टी शूज घालून बारा तास उभं राहणारी, पावसात पार्सल पोचवणारी कितीतरी पोरं आपल्या धाराशिव-सोलापूरकडची आहेत. खोलीत चौघं, बुटाचा जोड एकच, आणि सकाळी पुन्हा तोच ओला बूट. जमलं तर दोन जोड आलटून पालटून वापरा. नाहीच जमलं, तर मोज्यांचा कोरडा जोड पिशवीत ठेवा आणि जेवणाच्या सुट्टीत बदला. बोटांच्या मधली जागा पुसायला विसरू नका. चिखल्या हटत नसतील किंवा पाय बधिर वाटत असेल तर डॉक्टरांना दाखवा. घरात कुणाला शुगर असेल तर त्यांचे पाय रोज बघा.

फ्रान्समध्ये जोडीदार एकमेकांचे पाय बघायचे. तुमच्या रूम पार्टनरला एवढंच विचारा, ‘बूट वाळले का रे?’ भेटू पुढच्या भागात.