बारा नंबरची खोली आणि पाणिनीचा स्कोप

आमच्या नायगावात बीडीडी चाळी 42. 1920 च्या दशकात बांधलेल्या. एकेका चाळीत साधारण 80 खोल्या. म्हणजे बारा नंबरची खोली एक नाही, चाळीगणिक एक! तरी चाळीत कुणी "बारा नंबरवाल्या काकू" म्हटलं की कधी घोळ झाला नाही. पोस्टमनला मात्र चाळ क्रमांक लागायचाच. नाव तेच, पण ते कुठवर चालतं त्याची हद्द ठरलेली. प्रोग्रामिंगमध्ये यालाच म्हणतात स्कोप.

ही हद्द विसरल्याची शिक्षा मी भोगलीय. एसक्यूएलमध्ये काय हवं ते आपण सांगायचं, कसं करायचं ते डेटाबेस बघतो. एका शुक्रवारी संध्याकाळी, घरी पळायच्या घाईत, ठरावीक ग्राहक उडवायची क्वेरी लिहिली. आतल्या सबक्वेरीत कॉलम लिहिला 'कस्टमर आयडी'. त्या टेबलात मात्र त्याचं नाव नुसतं 'आयडी' होतं. एरर यायला हवी ना? कसलं काय! आत नाव सापडेना म्हणून डेटाबेसने ते बाहेरच्या टेबलात शोधलं. प्रत्येक ओळ स्वतःशीच जुळली आणि अख्खं टेबल साफ! बॅकअप होता म्हणून वाचलो. गंमत म्हणजे, नियमाप्रमाणे डेटाबेस बरोबरच होता.

त्या वीकेंडला स्कोपबद्दल वाचत वाचत थेट पाणिनीपर्यंत पोचलो. अष्टाध्यायीत सुमारे 4000 सूत्रं, तीही नियमांच्याच रूपात. पाणिनी एकदा आलेला शब्द शक्यतो पुन्हा लिहीत नाही. सूत्र 6.1.77 सांगतं, पुढे स्वर आला की 'इ'चा 'य' होतो (अति + अंत = अत्यंत). पुढचं 6.1.78 'ए', 'ओ' वगैरेंबद्दल (ने + अन = नयन). त्यात 'पुढे स्वर असता' हे लिहिलेलंच नाही! ते वरच्या सूत्रातून खाली येतं. याचं नाव अनुवृत्ती.

पण ती थांबते कुठे? पुढे बऱ्याच सूत्रांवर ज्याचा अंमल चालतो तो 'अधिकार'. त्याची खूण म्हणजे स्वरित हा उच्चारातला स्वर, असं पाणिनी स्वतःच सांगतो (1.3.11). पुढे पाठ हातोहात येताना या खुणाच हरवल्या. म्हणजे कोड उरला, कंस गेले! मग कुठला शब्द कुठवर चालतो यावर शतकानुशतकं टीकाकारांचा खल. 1984 साली पुणे विद्यापीठाने एस. डी. जोशी आणि सरोजा भाटे यांचं 'द फंडामेंटल्स ऑफ अनुवृत्ति' प्रकाशित केलं. एवढ्या एका प्रश्नावर अख्खं पुस्तक!

पाणिनीची चूक नव्हतीच. त्याच्या शिष्यांना ते ऐकू येत होतं, जसं आम्हाला 'बारा नंबर' म्हटलं की कळायचं. हद्द माहीत असलेली माणसं गेली की पंचाईत होते. आता चाळींचा पुनर्विकास सुरू झालाय. उद्या टॉवरमधली पोरं विचारतील, बारा नंबर, पण कुठल्या चाळीतला?

असो. मी हल्ली प्रत्येक कॉलमच्या आधी टेबलाचं नाव लिहितो. दोन शब्द जास्त टाइप होतात, पण शुक्रवारी झोप लागते.