शिलेदाराची घरची कसरत

पूर्वज शिलेदार होते, हे आपल्या ज्ञातीत अभिमानाने सांगितले जाते. त्या पदवीचा खर्च मात्र कोणी सांगत नाही. बारगिरास घोडा सरकारातून मिळे. शिलेदार घोडा व हत्यारे स्वतःची आणी. पावसाळ्यात पुष्कळसे शिलेदार गावी परतून शेती पाहत व दसऱ्यानंतर पुन्हा मुलूखगिरीस निघत. मधल्या काळात हात व घोडा तयार ठेवणे ज्याचे त्याच्याकडे. बोथाटी, म्हणजे बोथट टोकाचा भाला, घेऊन घोडा फिरवावयाचा. तालमीत दांडपट्टा खेळावयाचा. वेळ त्याचा, दाणावैरणही त्याचीच. घोडा मेला की शिलेदाराचा बारगीर होई! मग तो रणात घोडा जपे, यात नवल काय?

२३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंद्यांचे कवायती पायदळ व तोफखाना शर्थीने लढला. घोडदळाचा मोठा भाग मात्र निर्णायक क्षणी उपयोगी पडला नाही. दोष एकट्या शिलेदारीचा नव्हे, सरदारांचाही होता. तरीही इंग्रजांनी हीच पद्धत उचलली. जालन्याच्या छावणीत राहणारे हैदराबाद कंटिंजंटचे घोडदळ शिलेदारीच होते. १९४९ साली उभ्या राहिलेल्या प्रादेशिक सेनेतील शिपायास हत्यार व गणवेश सरकार देते.