परतीचं भाडं

अमरावतीचा कापूस एकेकाळी मुंबईकडे जात नसे. तो जायचा गंगेकाठच्या मिर्झापूरला. सुमारे पाचशे मैलांची वाट, तीही बैलांच्या पाठीवर, आणि पुढे नावेनं कलकत्ता. 1842 साली एकाच व्यापाऱ्यानं या वाटेनं एक लाख बैलांची ओझी रवाना केली म्हणतात, अशी नोंद इंग्रजांच्या गॅझेटिअरात आहे. आकडा सांगोवांगीचा असेल, सोडून द्या. मी धंद्यानं ऑटोवाला. बदनेरा स्टेशनबाहेर उभा राहूनच माझे केस पिकले. त्यामुळे मला प्रश्न पडतो तो वेगळाच: एवढे बैल परत येताना काय घेऊन येत?

रिकामे येत नसत. लमाणांच्या तांड्यांचा धंदाच दोन्ही बाजूंनी चाले. जाताना कापूस, धान्य; येताना मीठ आणि वाटेत मिळेल तो माल. चारा रानातला, त्याला पैसे नाहीत. बायका-पोरं तांड्यातच, म्हणजे घरभाडं नाही आणि घरी पाठवायची मनिऑर्डरही नाही. अशा हिशेबात भाडं थोडं कमी पडलं तरी माणूस मरत नाही.

1853 साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाडाकडे बघू लागल्या. त्याच दशकात जीआयपी रेल्वेचे रूळ अकोला, बदनेरा करत पुढे सरकले आणि 1867 साली नागपूरला पोचले. मीठ रेल्वेनं आलं, कापूस रेल्वेनं गेला. तांड्यांचं जाणंही बुडालं आणि येणंही. मुख्य मार्ग अमरावतीला बगल देऊन बदनेऱ्यावरून गेला होता, म्हणून मधल्या नऊ-दहा किलोमीटरचं भाडं गाडीवाल्यांना उरलं होतं. 1871 साली तेवढ्यासाठीही फाटा टाकला.

पण रेल्वेनं गाडीवान संपला असं कोणी सांगितलं तर पटवून घेऊ नका. स्टेशन झालं, जिनिंग-प्रेसिंग झालं, तशी गावातून तिथवर कापूस आणायला बंडी जास्तच लागू लागली. लांबचं भाडं मेलं, जवळचं जन्माला आलं. कारंज्याचा कापूस बाजार 1886 साली सरकारी नियमाखाली आला, 1897 साली वऱ्हाडासाठी बाजाराचा कायदाच झाला. अडत्याला परवाना, मापाऱ्याला परवाना. धुरकऱ्याचं, म्हणजे बंडी हाकणाऱ्याचं, भाडं मात्र आमच्या आजोबांच्या, आबाजींच्या काळातही गावच्या पारावर तोंडीच ठरायचं.

आबाजी दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. कोरडवाहू शेत, एक बैलजोडी, एक बंडी. कपाशीची वेचणी सुरू झाली की ज्याच्याकडे बंडी नाही अशा कास्तकारांचा माल ते भाड्यानं न्यायचे. मी त्यांना एकदा विचारलं होतं, आबाजी, यात उरत काय होतं? ते म्हणाले, "बैल घरी बसला तरी खातेच ना बापा. मंग भाड्यानं गेला त काय बिघडलं?"

या एका वाक्यात त्यांचा सगळा धंदा होता. बैल शेतीसाठी घेतलेला. त्याचा कडबा शेतातला. बंडी वखराच्या, पेरणीच्या दिवसांत घरचीच कामं करायची. म्हणजे भाड्यावर चढणारा खर्च किती? आकाला वंगण, चाकाच्या लोखंडी धावेची झीज, बैलाच्या पायाला नाल, वाटेतली भाकर घरची. बाकी सगळी वरची कमाई. परत येताना बंडीत सरकीची ढेप, मीठ, रॉकेलचे डबे, कोणाच्या लेकीचं सामान. परतीचं भाडं अर्धं मिळे, कधी नुसता गूळ मिळे. पण बंडी रिकामी वाजत आली नाही.

वाट बघणं मात्र तेव्हाही फुकटच होतं, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं. 1972 साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. माल सरकारी केंद्रावरच द्यायचा. हंगाम भरात आला की केंद्राबाहेर बंड्यांची रांग लागे. रात्री बंडीखाली गोणपाट टाकून माणसं निजत, बैल जुवाशेजारी रवंथ करत. ग्रेडर येईल, आज मोजणी बंद आहे, गाठींना जागा नाही, असं चालायचं. भाडं ठरलेलं खेपेचं. खेप एका दिवसात झाली काय नि मुक्काम पडले काय, पैसे तेवढेच. कास्तकार म्हणायचा, मी कुठून देऊ, माझाच माल अडकला. त्याचं खरंच होतं. केंद्र देणार नाही, कास्तकार देऊ शकत नाही, उरला धुरकरी. रांगेतले आमचे वडील दोन बोटं वर करून सांगायचे: एक बैलाची भूक, एक आपली. तरी त्यांना रांग परवडली, कारण घरी गेल्यावर ज्वारी होती.

माझे मामा अकोल्यात सायकलरिक्षा चालवायचे. त्यांच्याकडे शेत नव्हतं आणि रिक्षाही स्वतःची नव्हती, रोजाच्या किरायाची. सवारी मिळो न मिळो, संध्याकाळी मालकाचा किराया आधी. आबाजींचा हिशेब इथे पुरा उलटा झाला. बैल घरी बसला तरी खायचा, पण घरचं खायचा. किरायाची रिक्षा दुसऱ्याच्या घरचं तोंड घेऊन आली होती. मामा पन्नाशीत छातीनं गेले.

मी ऑटो घेतला तो बँकेच्या कर्जावर. बॅज, परमिट, विमा, पासिंग. बदनेऱ्याला रात्रीच्या गाड्यांतून माणसं उतरतात आणि अमरावतीला जायला तेव्हा ऑटोच लागतो. जाताना सीटा भरतात. परतताना अमरावतीतून त्या वेळी बदनेऱ्याला कोण येणार? म्हणून आम्ही जातानाच्या भाड्यात परतीचं थोडं धरतो आणि सवारी आम्हाला लुटारू म्हणते. 2017 साली राज्यानं ऑटोच्या परमिटवरची मर्यादा उठवली. नव्या पोरांना वाट मोकळी झाली, चांगलं झालं. पण गाड्यांमधून उतरणारी माणसं तेवढीच आणि बाहेर उभे ऑटो वाढले. म्हणजे कमी झाली ती कमाई आणि वाढलं ते उभं राहणं.

माझा पुतण्या नागपुरात ॲपवर कार चालवतो. हप्ता त्याचा, विमा त्याचा, टायर त्याचे. मागे दिवाळीला आला तेव्हा मोबाइल पुढे करून म्हणाला, "काका, हे पाहा, महिन्याचे किती आले." मी म्हटलं, आलेले दिसले, आता गेलेले दाखव. पेट्रोल त्याला आठवत होतं. हप्ताही आठवत होता. पण पाच वर्षांनी ही गाडी विकशील तेव्हा किती कमी येतील, ते आज रोजच्या कमाईतून वजा कर, असं म्हटल्यावर तो हसला. बैल म्हातारा होतो हे आबाजींना दिसायचं. गाडी म्हातारी होते ते मोबाइल दाखवत नाही.

केंद्र सरकारनं 2020 साली ॲप कंपन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. भाड्यातला किमान 80 टक्के वाटा चालकाला, दिवसाला 12 तासांपेक्षा जास्त लॉगिन नाही, हे त्यात होतं. आणि त्यातच हेही होतं की सवारीला घ्यायला जाताना गाडी रिकामी धावते, त्याचे पैसे सवारीकडून घ्यायचे नाहीत. ठरावीक छोट्या अंतराचा काय तो अपवाद. सवारीच्या बाजूनं रास्तच. पण सवारीनं नाही दिले, कंपनी देत नाही, मग त्या रिकाम्या किलोमीटरचं पेट्रोल कोणाचं, हे सांगायला माणूस शिकलेला असायची गरज नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात उबरविरुद्धचा खटला 19 फेब्रुवारी 2021 ला चालकांच्या बाजूनं लागला. तिथल्या न्यायाधीशांनी ॲप चालू ठेवून आपल्या हद्दीत वाट बघत बसलेला वेळही कामाचा वेळ धरला. कापूस केंद्राच्या रांगेत निजलेल्या आमच्या वडिलांना हे ऐकवायला हवं होतं.

परवडतं का, असं मला पोरं विचारतात. ज्याच्या गाडीचा हप्ता फिटलाय, घरी दुसरं काही पिकतं किंवा बायको नोकरीला आहे आणि जो वाटेल तेव्हा ॲप बंद करू शकतो, त्याला परवडतं. तो आबाजींच्या जातीचा. ज्याला हप्त्यासाठी बाराही तास ॲप चालू ठेवावं लागतं, तो मामांच्या जातीचा, मग गाडीच्या कागदावर त्याचंच नाव का असेना. नीती आयोगानं 2022 च्या अहवालात देशात 2020-21 साली पगाराऐवजी कामागणिक पैसे मिळणारे 77 लाख गिग कामगार असल्याचा अंदाज दिला होता आणि 2029-30 पर्यंत ते 2.35 कोटी होतील असं म्हटलं होतं. यांतले आबाजी किती आणि मामा किती, ते मोजायला पाहिजे.

सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या निधीत भरायची तरतूद आहे. पुतण्याला म्हटलं, सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नाव घाल आणि पावती जपून ठेव. माझ्यासाठी राज्याचं ऑटोचालकांचं कल्याणकारी मंडळ वेगळं आहे, त्याचा अर्ज मी भरतो आहे. पुतण्याच्या डोक्यात सध्या दुसरंच चाललंय: ही गाडी विकून मोठी घ्यायची, हप्ता वाढवून. मी त्याला एकच विचारलं, विमानतळावर सवारी सोडल्यावर परत येताना सीटवर कोण असतं? तो म्हणाला, "कधी असते, कधी नसते." किती वेळा नसते ते महिनाभर वहीत लिही म्हटलं, मग गाडीचं बोलू.